अंगठा आधी, आकडा मागून

फराळाचे ताट पुढे असले म्हणजे वाद घालू नये, अशी आमच्या घरची शिस्त आहे, आणि ती मी बहुतेक पाळतो. परंतु गेल्या दिवाळीत माझे साडू पुण्याहून जव्हारला आले. दुसरी चकली हातात घेता घेता त्यांनी एक असे विधान केले, की त्यांनी चकली खाल्ली आणि ते विधान मी मात्र वर्षभर चघळीत बसलो. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, गरिबांची कड घेता, ते सगळे ठीक आहे. पण कोकणात घरी चालत आलेली लक्ष्मी कोणी हाकलली, ते एकदा सांगा. एन्रॉन रद्द कोणी करविला? तुमच्यासारख्या मोर्चेवाल्यांनीच ना? नाहीतर आज कोकणाचा कॅलिफोर्निया झाला असता, आणि तुमच्या मोखाड्याच्या पोरांना वीटभट्टीवर जायची पाळी आली नसती."

साडू हे नाते मोठे अवघड. त्यात थोरला कोण आणि धाकटा कोण हे कधीच ठरत नाही. म्हणून उत्तर देणे भाग असते आणि देताही येत नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि गप्प राहिलो. हा लेख म्हणजे त्या गप्प राहण्याचे प्रायश्चित्त आहे. साडूभाऊ, हा अंक तुमच्या घरी दरवर्षी येतो हे मला ठाऊक आहे.

आधी माझा अधिकार सांगतो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. मी अर्थशास्त्री नव्हे, इंजिनिअर नव्हे. मॅट्रिक झालो आणि शाळेवर लागलो. चार बुके लिहिली, इतकेच. पण करार कळायला पदवी लागत नाही. करार कळायला करार वाचायला मिळावा लागतो, आणि नेमका तोच मिळत नाही, हेच माझे म्हणणे आहे. बाकी सारा या लेखाचा पसारा.

प्रथम तो प्रकल्प होता तरी काय? पुष्कळांची समजूत अशी, की आपल्या स्वयंपाकघरात लाल सिलिंडरमधून जो गॅस येतो, तोच तेथे उतरणार होता. तसे नव्हे. सिलिंडरातला गॅस वेगळा आणि हा वेगळा. हा जमिनीच्या पोटातला नैसर्गिक वायू. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि त्याला पूर्वीच्या सुमारे सहाशेव्या हिश्श्याइतकीच जागा पुरते. मग तो थर्मासच्या बाटलीसारख्या जहाजांत भरून देशोदेशी नेता येतो. ज्या बंदरावर तो उतरवून पुन्हा वायुरूप करतात, त्या जागेला टर्मिनल म्हणतात. एन्रॉन नावाच्या अमेरिकन कंपनीने असे एक टर्मिनल आणि त्यावर चालणारे २०१५ मेगावॅटचे वीजघर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या हद्दीत बांधायचे ठरविले. वायू यायचा होता ओमान आणि अबुधाबीहून. नाव मात्र पडले दाभोळ, आणि दाभोळ गाव तर वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात! ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या गावांचे नावसुद्धा प्रकल्पाला नाही. मला तर पुढच्या सगळ्या गोष्टीचा सारांश या नावातच दिसतो.

आता साडूभाऊंचा मुख्य प्रश्न. रद्द कोणी केला?

२० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने त्या कंपनीशी पहिला समझोता केला. त्या वेळी जाहीर निविदा मागविली गेली नव्हती. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या कामाला कर्ज देण्यास नकार दिला. बाहेरून आणलेल्या द्रव वायूवरची ही वीज महाराष्ट्राला परवडण्यासारखी नाही, असे तिचे मत पडले. जागतिक बँक म्हणजे काही मोर्चेवाल्यांची संघटना नव्हे, हे साडूभाऊंनीही मान्य करावे. तरी डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झालाच. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडविण्याच्या घोषणा झाल्या. युतीचे सरकार आले. आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. सह्याद्रीपासून सागरापर्यंत टाळ्या पडल्या.

आणि मग? मग कंपनीने लंडनमध्ये लवाद मागितला. नोव्हेंबरात पुन्हा वाटाघाटी झाल्या. जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने तोच प्रकल्प पुन्हा पत्करला, आणि तोही लहान करून नव्हे. २०१५ मेगावॅटचे २१८४ मेगावॅट झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत तेरा दिवस टिकलेल्या सरकारने जाता जाता केंद्राच्या हमीवर मोहोर उठविली. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. म्हणजे "रद्द" या शब्दाचे आयुष्य पुरते सहा महिनेसुद्धा नव्हते. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीवर उगवलेले गवतसुद्धा त्याहून जरा जास्त टिकते.

खरा बंद पडला तो मे २००१ मध्ये. तेव्हा गुहागरच्या रस्त्यावरच्या कोणा कोळणीने बटण दाबून तो बंद केला नाही. वीज मंडळाला बिल भरवेना, म्हणून तो बंद पडला. महाग, म्हणून मंडळ वीज कमी घेई. कमी घेतली, की एका युनिटामागचा दर आणखी चढे. असे करता करता काही महिन्यांत तो सात रुपयांच्याही वर गेला. आणि डिसेंबर २००१ मध्ये तर खुद्द एन्रॉन कंपनीनेच अमेरिकेत दिवाळे काढले. लक्ष्मी घरी चालत आली होती म्हणता, साडूभाऊ. तिचे पाऊल दारातून आत येत होते की बाहेर जात होते, एवढे तरी आपण पाहायला नको होते का?

आता कमी वीज घेतली तर दर का चढावा? बाजारात आपण कमी भाजी घेतली तर कमी पैसे देतो. ही गोष्ट पुण्याच्या माणसाला समजावून सांगणे कठीण जाते. परंतु जव्हार-मोखाड्याच्या कोणत्याही पाड्यावर जा, अंगठाबहाद्दर म्हातारासुद्धा ती तुम्हाला चुटकीसरशी सांगेल. कारण आमच्याकडे तिला बयाणा म्हणतात.

बयाणा कसा असतो, ते सांगतो. भात आणि नागली कापून झाली, वाघबारशीला वाघ्याची पूजा झाली, की पाड्यावर वीटभट्टीचा मुकादम येतो. घरात चार दिवसांचे धान्य असते आणि पुढे आठ महिने असतात. मुकादम काही हजार रुपये हातावर ठेवतो आणि वहीवर अंगठा घेतो. दिवाळी उलटली की ते कुटुंब वसई, भिवंडीकडे निघते. याला आमच्याकडे लोक मजुरीला जाणे म्हणत नाहीत, "जगायला जाणे" म्हणतात. भट्टीवर पाऊस पडला, कच्ची वीट वाहून गेली, तर तोटा मजुराचा. मालकाकडे गिऱ्हाईक नाही, काम थांबले, तरी बयाणा फिटत नाही. तो मजुराच्याच नावावर चढत राहतो. हिशेब मुकादमाच्या भाषेत, वही मुकादमाच्या पिशवीत. हंगामाच्या शेवटी मजूर घरी येतो तो पुष्कळदा रिकाम्या हाताने, आणि कधी पुढल्या वर्षीचे देणे डोक्यावर घेऊन.

आता दाभोळचा करार पाहा. वीज घ्या वा न घ्या, वीजघर तयार ठेवल्याबद्दलचे पैसे मंडळाने द्यायचेच. हिशेब डॉलरमध्ये, रुपया घसरला तर तोटा आपला. १९९३ साली डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांचा होता, तो २००१ पर्यंत सत्तेचाळीसच्या घरात गेला. इंधन महागले, तोटा आपला. मंडळाने पैसे चुकविले, तर राज्याची हमी. राज्याने चुकविले, तर केंद्राची हमी. मोडले, तर भांडण लंडनला. आणि हा करार प्रथम लोकांना वाचायलासुद्धा नव्हता! पुण्याच्या प्रयास संस्थेचे गिरीश संत आणि त्यांच्या सोबत्यांनी तो खटपटीने मिळविला, कलमवार वाचला आणि आकडेमोड करून लोकांपुढे ठेवला, तेव्हा कोठे चार माणसांना कळले, की आपण कशावर सही करून बसलो आहोत. यालाच बयाणा म्हणतात, दुसरे काय? फरक इतकाच, की आमचा म्हातारा पोटात भूक होती म्हणून अंगठा देतो. मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांची पोटे तर त्या दिवशी भरलेली होती. अक्षर येत होते, चष्मे होते, सल्लागार होते. तरी अंगठा आधी आणि आकडा मागून! २००१ साली माधव गोडबोले यांच्या समितीने याच प्रकरणाची तपासणी केली, तेव्हा तिनेही दोष कोळ्यांना आणि आंबेवाल्यांना दिला नाही. राज्यकारभार हाकणाऱ्या यंत्रणेचे हे अपयश आहे, असाच तिचा निष्कर्ष होता.

साडूभाऊ म्हणतील, मास्तर, वीज तर हवी होती ना? हवी होती. मी ते नाकारीत नाही. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षे आठवा. माझ्या पहिल्या कादंबरीची शेवटची प्रकरणे मी कंदिलाच्या काचेला कागद टेकवून लिहिली आहेत, आणि परीक्षेचे पेपर तपासताना तीन का आठ हे दिसत नसे म्हणून कित्येक पोरांना पाच गुण फुकट दिले आहेत. अंधार किती काळा असतो, हे आम्हाला कोणी पुण्याहून येऊन सांगायला नको. परंतु भूक लागली म्हणून कोणतीही वाटी तोंडाला लावावी काय? वीज हवी म्हणणारा माणूस दर विचारू लागला, की तो विकासाचा वैरी कसा ठरतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. भाजीवालीशी चार आण्यांसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्या घरच्या गृहिणीला आपण संसारी म्हणतो. तिची तारीफ करतो. तीच घासाघीस वेलदूरच्या बाईने सरकारशी केली, तर ती देशद्रोही!

आणि त्या बाईचे पुढे काय झाले? ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेलदूरमध्ये शिरले. बायाबापड्यांना झोपेतून उठवून मारहाण करीत पकडून नेले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये या सर्व प्रकारावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. बंदोबस्तासाठी ठेवलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, ही गोष्टही त्यात नमूद आहे. म्हणजे पोलीस आपले, काठी आपली, पाठही आपली, आणि त्याचे पैसे तेवढे कंपनीचे. मृणाल गोरे यांच्यासारख्या बाईंनी उतारवयात ज्या लोकांसाठी गुहागरच्या वाऱ्या केल्या, ती ही माणसे. त्यांनी प्रकल्प घालविला असता तर मी त्यांचे अभिनंदनच केले असते. पण खरी गोष्ट अशी, की त्यांचे कोणी ऐकलेच नाही. ज्यांचे कोणी ऐकले नाही, त्यांच्यावर सगळे बिघडविल्याचा आळ, हा कोणता न्याय?

आता तुम्हाला एक गंमत सांगतो. ज्याला तुम्ही गेलेला म्हणता, तो प्रकल्प गेलेलाच नाही! २००५ साली सरकारी कंपन्यांनी तो ताब्यात घेतला. जानेवारी २०१३ मध्ये टर्मिनलवर वायू उतरू लागला. त्याच वर्षी तेथून थेट बेंगळूरुपर्यंत सुमारे हजार किलोमीटरची नळवाट चालू झाली. लाटा अडविणारा बांध अर्धवट राहिल्यामुळे वर्षानुवर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लागू शकत नसे, ही तेथल्या सरकारी टापटिपीची आणखी एक खूण. पण टर्मिनल उभे आहे, वीजघर उभे आहे. मग कॅलिफोर्निया कोठे राहिला, साडूभाऊ? वायू कोकणात उतरतो आणि कोकण ओलांडून निघून जातो. टर्मिनल आले म्हणजे सुबत्ता आली, हे समीकरण खरे असते, तर गुहागरच्या एस.टी.त दिवाळी संपताच मुंबईला परतणाऱ्या पोरांची एवढी गर्दी झाली नसती.

बरे, जेथे मोर्चा आडवा आला नाही तेथे तरी सगळे सुरळीत झाले का? त्याच जिल्ह्यात जयगड आहे. एप्रिल २०२१ मध्ये तेथे हॉएग जायंट नावाचे एक प्रचंड जहाज येऊन लागले. द्रव वायू साठवायचा आणि जहाजावरच त्याचा वायू करून किनाऱ्यावर सोडायचा, असे ते तरंगते टर्मिनल. देशातले अशा तऱ्हेचे पहिलेच म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. एच-एनर्जी या कंपनीने ते दहा वर्षांच्या भाड्याने घेतले होते. पुढे काय झाले? धंदा सुरूच झाला नाही. जहाजाचा मालक आणि भाडेकरू यांच्यातला करार मोडला. आणि जहाज नांगर उचलून ब्राझीलला गेले. त्याला कोणी दगड मारला नव्हता. वायूचा बाजार हा असा आहे. २०२२ साली युक्रेनात युद्ध पेटले आणि जगभर द्रव वायूचे भाव आकाशाला भिडले. युरोपच्या श्रीमंत गिऱ्हाइकापुढे गरीब देशांना बाजारातून रिकाम्या हाताने परतावे लागले. असल्या मालावर पंचवीस-तीस वर्षांची भिस्त ठेवायची, तर आधी तोटा कोणाच्या पदरी पडणार, हे विचारायला नको काय?

इतके झाले, तरी कोणी म्हणेल, गुहागर कोठे आणि जव्हार कोठे? घाटमाथ्यावरच्या मास्तराला समुद्राची उठाठेव कशाला?

सांगतो. ज्या १९९२ साली मुंबईत त्या समझोत्यावर सही झाली, त्याच १९९२ साली आमच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली. एकाच राज्यात, एकाच सरकारच्या काळात. एका कागदाला जागा मिळाली, आणि दुसऱ्या कागदावर मेलेल्या पोरांची नावे लिहावी लागली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. पण आजही शाळेत पट भरताना मुलाचे वजन लिहायची वेळ आली, की मला ती सही आठवते. कोणासाठी घाई करावी आणि कोणासाठी करू नये, हे राज्याला फार चांगले समजते.

दुसरे कारण असे, की जे कोकणपट्टीत घडते तेच आमच्या जिल्ह्यात फार दिवसांपासून घडते आहे. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणेचे शंभर मीटरांहून उंच धरण उभे राहिले. पाणी मुंबईला गेले. आणि चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. डहाणूच्या वीजघराची वीज मुंबईच्या उपनगरांत गेली. घरोघर उज्ज्वलाची टाकी आली, ही चांगली गोष्ट झाली. मी तिची कुचेष्टा करणार नाही. पण टाकी पुन्हा भरून आणायची, तर दोन-तीन दिवसांची मजुरी लागते, आणि मजुरी रोज मिळते कोठे? माझ्या शेजारची म्हातारी त्या टाकीवर घडी करून गोधडी ठेवते आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजते. "गॅस हाय ना, पर त्याला बी खायाला लागतं," असे ती म्हणते. वायूच्या अर्थशास्त्रावर याहून नेमके वाक्य मी अजून वाचलेले नाही.

आणि आता वाढवण. डहाणूजवळच्या या बंदराला १९९८ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने नकार दिला होता. तेव्हाही लोकांना वाटले, संपले. ते संपले नव्हते. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली. ऑगस्टअखेर पायाभरणीही झाली.

येथे मला माझ्याच बाजूच्या मंडळींना दोन शब्द ऐकवायचे आहेत, आणि ते त्यांना कडू लागतील. आपण "रद्द" या शब्दावर फार लवकर भाळतो. रद्द झाले की गुलाल, रद्द झाले की हार, रद्द झाले की पुढाऱ्याची मिरवणूक. १९९५ साली आपण टाळ्या वाजविल्या आणि घरी जाऊन झोपलो. जागे झालो तेव्हा प्रकल्प दीडशे मेगावॅटहून अधिक वाढलेला होता. सरकारने नुसते "रद्द" म्हटले, की लोक जिंकले असे होत नाही. ज्या दाराआड बसून करार झाला, त्याच दाराआड बसून तो रद्द होतो, आणि त्याच दाराआडून तो नवे नाव घेऊन परत येतो. हे दार उघडावे, हे खरे मागणे आहे. होय म्हणायचे असो की नाही म्हणायचे असो, दार उघडे असले पाहिजे.

म्हणून मी बंदर नको म्हणत नाही, टर्मिनल नको म्हणत नाही. मी कागद मागतो. करार मराठीत छापा. सह्या होण्यापूर्वी तो ग्रामसभेत वाचून दाखवा, झाल्यानंतर नव्हे. भाव रुपयांत सांगा. माल महागला, बाजार बसला, जहाज निघून गेले, तर तोटा कोणाच्या नावावर, हे पहिल्या पानावर लिहा, शेवटच्या पानाच्या तळटीपेत नव्हे. नोकऱ्या किती, कोणाला आणि किती वर्षांच्या, हेही लिहा. आमचे जव्हार-मोखाडा पाचव्या अनुसूचीतले. १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेला विचारणे येथे बंधनकारक आहे. कायदा आम्हाला विचारा म्हणतो. पण विचारायचे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठे गोळा करायचे, असा अर्थ लावला, तर तो ग्रामसभेचा बाजार झाला. आणि गुहागरच्या कोळ्याला पाचवी अनुसूची नाही, म्हणून त्याला विचारूच नये, असे तरी कोठे आहे?

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. कारण फराळ निवतो आहे.

गेल्या दिवाळीला साडूभाऊ पुण्याला परत गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका पाड्यावर गेलो होतो. मुलांना हंगामी वसतिगृहात ठेवा, भट्टीवर नेऊ नका, हे सांगण्यासाठी दरवर्षी जातो. एका अंगणात मुकादम बसला होता आणि माझ्या चौथीतल्या मुलाचा बाप शाई लावलेला अंगठा वहीवर टेकवायच्या बेतात होता. पोरगा बापाच्या खांद्यावरून डोकावत होता. त्याने नाव वाचले, गाव वाचले, तारीख वाचली. मग बोट ठेवून मला विचारले, "गुरुजी, इथं आकडाच नाय. आकडा कुठंय?"

मुकादम हसला. म्हणाला, "आकडा मागून भरतो मास्तर, नेहमीचंच हाय."

बापाने अंगठा तसाच हवेत धरला. माझ्याकडे पाहिले, पोराकडे पाहिले. मग म्हणाला, "आधी लिव्हा."

मुकादमाने कुरकुर केली, पण लिहिले. पोराने मोठ्याने वाचून दाखविले. मग अंगठा पडला. ते कुटुंब भट्टीवर गेलेच. जगायला जावे लागतेच. पोरगा मात्र वसतिगृहात राहिला. आणि वैशाखात परत आल्यावर बाप शाळेत येऊन मला सांगून गेला, की या खेपेस हिशेबाला भांडण झाले नाही.

साडूभाऊ, माझे उत्तर एवढेच आहे. चौथीतल्या पोराला जो प्रश्न सुचला, तो १९९३ साली मंत्रालयात एकालाही सुचला नाही, किंवा सुचला आणि त्याने तोंड मिटून घेतले. कोकणची लक्ष्मी कोणी हाकलली नाही. तिच्या नावाच्या वहीत आकडाच नव्हता. यंदाच्या दिवाळीला जरूर या. चकल्या तयार आहेत. वादही तयार आहे. या वेळी मी तांब्या पुढे करणार नाही.